खोळीतली लाल गाडी

केवलचंद शेठांनी खोळीची शेवटची नाडी सोडली आणि लाल गाडी उघडी पडली. सात वर्षांत एक ओरखडा नाही. श्रावणात त्यांची बायको प्रेमकुंवर गेली, आता पौष लागला होता, आणि आज पहिल्यांदा शेठ ही गाडी मेहरूणच्या तलावावर नेणार होते.

"तोताराम, फाटक उघड."

तोताराम म्हणजे घरचा राखणदार आणि नावापुरता ड्रायव्हर. इतका उंच, की गॅरेजच्या दारातून वाकून यायचा. तसाच वाकून तो आत आला. "शेठ, आज मंगळवार शे. धुळे नही जातस का?"

"आता कसलं धुळं."

दर मंगळवारी पहाटेच्या एस.टी.ने धुळ्याच्या पेढीवर जायचं आणि दिवेलागणीला परतायचं, हा शेठांचा नेम. बाकीचे दिवस जळगावच्या दाणाबाजारात दुकान, आणि तिथे जायला सायकल. दारात मोटर आणि मालक सायकलवर! बाजार हसायचा. "शेठ, गाडीला हळदकुंकू वाहता की काय?" शेठही हसून सोडून द्यायचे. उघड्या टपाची ही गाडी त्यांनी मुंबईच्या एका पारशाकडून हौसेने घेतली, स्वतः चालवत आणली, आणि त्याच दिवसापासून जिवाला घोर लागला. खानदेशातली धूळ, बैलगाडीचे धक्के, पोरांचे दगड. गाडी गॅरेजात गेली ती गेलीच. रोज संध्याकाळी खोळ काढून रंगावर मऊ फडकं फिरवायचं, एवढीच काय ती चैन.

प्रेमकुंवर म्हणायची, "एकदा मेहरूणपर्यंत तरी फिरवून आणा ना मला."

"दिवाळीनंतर नेतो. रस्ता जरा नीट होऊ दे."

दिवाळ्या आल्या नि गेल्या. मग तिने विचारणंच सोडलं. उलट गादीपाटाची जाड खोळ स्वतः शिवून दिली. बायको मागायची थांबली की नवऱ्याने सावध व्हावं. शेठांनी मात्र तिला समजूतदार ठरवलं आणि निर्धास्त झाले.

मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर घर खायला उठलं. दोन ताटं मांडायची सवय हाताला होती, ती मोडता मोडेना. आणि मनात एकच सल. एवढीशी हौस, तीही आपण पुरवली नाही. पत्र्याला जपलं, माणसाला नाही. आज तिची ओढणी शेजारच्या सीटवर ठेवून तिला तलावावर न्यायचं, त्याशिवाय जिवाला स्वस्थता नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

ओढणीची घडी जपून ठेवून ते स्टिअरिंगमागे बसले. गुडघे अडले. सीट पार पुढे सरकवलेली होती. पुटपुटत त्यांनी ती मागे ढकलली. रुमाल ठेवायला समोरचा खण उघडला, तर आत त्यांची जुनी काळी टोपी! हरवली म्हणून घरभर शोधून शेवटी नवी घेतली होती, तीच ही.

शेठांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू ठेवायचं काम तोतारामकडे होतं, आणि उभी गाडी पेट्रोल मात्र धावत्या गाडीसारखी प्यायची.

"तोताराम! तू गाडी बाहेर काढायचास?"

तोतारामने मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"माझी टोपी घालून शेठ बनून फिरायचास?"

"चुकी गऊ, शेठ."

"अरे, ती बिचारी या गाडीत एकदा बसायला तरसली, आणि मजा तू मारलीस? उद्यापासून या दारात येऊ नकोस."

तोतारामने एकदा ओढणीकडे पाहिलं. मग जाऊन फाटक उघडलं.

गाडी रस्त्याला लागली. मीटरचा काटा जागचा हलेना. त्याची तार कुणीतरी सोडून ठेवली होती. शेठांनी तोतारामला मनातल्या मनात आणखी एक शिवी हासडली. पण मग वारा अंगावर आला, ओढणीचं टोक फडफडलं, आणि त्यांना रडू कोसळलं. इतकं सोपं होतं हे. दहा मिनिटांची तर वाट.

तलावाच्या काठी बोरीखाली एक बाई टोपली घेऊन बसली होती. गाडी थांबताच ती लगबगीने उठली आणि न विचारताच बोरांचे दोन द्रोण भरून घेऊन आली.

"मी एकटाच आहे," शेठ डोळे पुसत म्हणाले. "दोन कशाला?"

तिने गाडीत डोकावून पाहिलं. "बाई कोठे शेत? औंदा दिसन्यात नही."

"कोण बाई?"

"या गाडीवाल्या. बोरं लागनीत का दर मंगळवारले येत. डोकावर पदर, आनि गाडी सोता हाकेत, वारासारखी!"

शेठांचा हात मघाशी मागे ढकललेल्या सीटची कड चाचपू लागला.

"एक द्रोण सोता खायेत," बाई कौतुकाने सांगत होती, "आनि दुसरा शेजारना सीटवर ठेवेत, एक काळी टोपी शे, तिनापुढे. मी इचारं, बाई, हाऊ कोन? तर हसेत आनि म्हनेत, 'आमचे शेठ. दिवाळीनंतर येणार आहेत.'"