दोन बोटं खाली

बाबांच्या पाठीवर डावं बोट ठेवून मी त्यावर उजव्या बोटाने टकटक करत होते. वैद्यकीयच्या परीक्षेत असंच तपासायचं असतं. फुप्फुस असतं तिथे आवाज पोकळ येतो, ते संपतं तिथे भरीव. मोठा श्वास रोखून धरला की ती सीमा दोन बोटं खाली सरकते.

"कोण आहे?" दार वाजल्यासारखं बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"बोलू नका ना, बाबा. आवाज कळत नाही मला."

"दार वाजवायचं आणि नाव नाही सांगायचं! वा, डॉक्टरीणबाई."

दुसऱ्या दिवशी कामावर असतानाच बाबा वारले.

परीक्षा जवळ आली. आईला पाठ पुढे कर म्हणवेना, म्हणून मी बाबांच्या कपाटाच्या दारावर सराव सुरू केला; ते आईने रिकामं केलं होतं. वरून खाली आवाज पोकळच येत होता. मग एका जागी भरीव आला.

दार उघडलं. आत काहीच नव्हतं.

दार लावून त्याच जागी पुन्हा वाजवलं. तिथे आता पोकळ होतं. भरीव आवाज दोन बोटं खाली गेला होता.

श्वास रोखायला मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

बोट तसंच ठेवून मी मोठ्याने म्हणाले, "मी आहे, बाबा."