चंद्रावरचं मीठ

तीन महिने बोरू झिजवून त्र्यंबकमास्तरांनी आपल्या कादंबरीतला नायक अग्निबाणात बसवून चंद्रावर पोचवला, पण ऐकून घ्यायला अख्ख्या ठाण्यात कोणी सापडेना. शेवटी कौलं चाळायला आलेल्या काळुरामलाच त्यांनी शिडीवरून खाली बोलावलं. काळुराम एरवी कळव्याच्या मिठागरात राबायचा.

"चंद्रावरचे समुद्र केव्हाच आटले आहेत," मास्तरांनी वाचलं.

"मंग तथं मीठच मीठ असंल," काळुराम म्हणाला.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे, माणूस पृथ्वी सोडून चंद्रावर उतरला, आणि तुला मीठ सुचतंय? आता तो परत कसा येणार, ते विचार!"

काळुराम उठला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. "असा. आगरातून निघताना नाक्यावरचा सरकारी शिपाई, मीठ लपवून नेतोय का म्हणून, आमची रोज झडती घेतो. कमरेचा रुमालसुदिक सोडायला लावतो."

"देवा रे! चंद्रावर कुठला आलाय शिपाई?" मास्तर खेकसले.

"नाय?" काळुरामचे हात हळूहळू खाली आले. "मंग तो परत कशाला येल?"