बाकावर धरलेली जागा

“नंबर?”

“माहीत नाही.”

“वर्ष?”

“नक्की नाही सांगता येणार. मी शाळेत होते.”

खिडकीतल्या कारकुनाने पेन खाली ठेवलं. “बाई, इथं दावे असतात. मी तुमची शाळा कुठून शोधू?”

ती बाजूला झाली. बाबांनी कॅलेंडरवर आजच्या दिवसाला गोल केला होता, म्हणून ती आजच आली होती. वरच्या मजल्यावर कोर्टाच्या आजच्या कामांची यादी लावलेली होती. त्यात बाबांचं नाव नव्हतं, धाकट्या काकांचंही नव्हतं. शिपायाने तिला खाली, रेकॉर्ड रूमकडे पिटाळलं होतं.

निघताना आईने बजावलं होतं, “वारस म्हणून तुझं नाव लाव. मुदतीत लावलं नाही तर दावा पडतो म्हणे. हे गेले म्हणून ते जिंकले, असं मला नको.”

“काकांना कळवलंस का गं?”

“त्या घरी? कशाला? पेढे वाटायला?”

दावा जिन्याखालच्या खोलीचा होता. आत सायकल ठेवली की माणूस मावू नये, एवढी खोली. तेवढ्यावरून भावाभावांची तोंडं फिरली आणि काका बिऱ्हाड उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्यांचा चेहरा तिला आठवत नव्हता. आठवत होतं ते धाडकन लागलेलं दार.

बाबा मात्र दर महिन्याला न चुकता तारखेला जायचे. इस्त्रीचा शर्ट, चहाचा थर्मास, काखेत वर्तमानपत्र. अंगात ताप असला तरी जायचे. “एवढ्या निष्ठेने कधी माझ्या माहेरी आला असतात तर!” आई म्हणायची. एरवी ते खिडकीपाशी शब्दकोडं घेऊन बसत, आणि तेही धड नाही. उभे शब्द तेवढे भरायचे, आडवे तसेच सोडायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, “सगळं आपणच कशाला करायचं?” परवा रद्दी काढताना त्या अर्धवट कोड्यांची चळत तिच्या हाती लागली होती. ती तिने परत कपाटात ठेवली.

आईला दावा जिंकायचा होता. तिला स्वतःला मात्र तो नुसता चालू राहायला हवा होता. बाबांचं चालू असलेलं असं दुसरं काही उरलं नव्हतं.

“नंबर नाही ना?” समोरच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला. डोक्यावर टोपी, मांडीवर घडी घातलेला पेपर, शेजारच्या जागेवर कापडी पिशवी. “मग नावावरून शोधायला सांगा. वादीचं आडनाव, प्रतिवादीचं आडनाव. अंदाजे वर्ष टाका, मागेपुढे तो बघतो. आणि कारण विचारलं की फार लिहू नका. जेवढं लिहाल तेवढे प्रश्न.”

“वारस एवढंच लिहू?”

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. “कोण गेलं?”

“वडील. या महिन्यातच.”

“अरेरे.” त्याने मांडीवरचा पेपर सारखा केला. “दावा कसला?”

“भाऊबंदकीचा.”

“मग बरोबर जागी आलात. या इमारतीच्या निम्म्या विटा भाऊबंदकीनेच रचल्यात.”

कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. “तुमची पण तारीख आहे आज?”

“आहे तर. तारीख म्हटलं की घरी कुणी अडवत नाही. दवाखाना म्हटलं असतं तर सून सोबत आली असती.”

तिने अर्ज लिहिला. कारकून तो दोनदा वाचून कपाटांच्या रांगेत दिसेनासा झाला. परतला तेव्हा त्याच्या हातात जाडजूड रजिस्टर होतं, कडा वाळवीने कुरतडलेल्या. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

“सापडला. पण नाव लावता येणार नाही.”

“का? मुदत तर आहे अजून.”

“मुदतीचा प्रश्नच नाही. दावाच नाही. वादीने काढून घेतलाय, पहिल्याच वर्षी. कागदही नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झाले. ही नोंद तेवढी उरलीय.”

“काहीतरी चूक होतेय. बाबा गेल्या महिन्यातसुद्धा तारखेला आले होते.”

“कुठल्या कोर्टात?” कारकुनाने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रजिस्टर मिटलं. आता घरी जाऊन आईला काय सांगायचं? बाबा एवढी वर्षं खोटं बोलून घराबाहेर पडत होते? कुठे जात होते? एवढ्या दिवसांत न आलेलं रडू तिला त्या खिडकीसमोर येऊ लागलं. तिने कठडा धरला.

“बाई, इकडे या आधी.” म्हाताऱ्याने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. “बसा इथं. जागा धरलेली आहे, पण तो येईपर्यंत बसा. आज कधी नव्हे तो उशीर करतोय.”

ती बसली. म्हाताऱ्याने पिशवीतून दोन कप काढले, रुमालाने पुसले आणि बाकाच्या कडेला ठेवले.

“चहा तो आणतो. आला की तुम्हालाही घोटभर देऊ. तोवर यात डोकं घाला, बरं वाटेल.” त्याने पेपर आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. कोडं अर्धं भरलेलं होतं.

“माझे आडवे झालेत,” तो म्हणाला. “उभ्यांना मात्र हात लावू नका. ते दादाचे.”