सहा टक्के

घर विकताना व्हर्नाने तिच्या दलालाला, डेलला विचारलं, "सहा टक्के दलाली? आणि त्यातले अर्धे घर घेणाऱ्याच्या दलालाला, तेही माझ्याच खिशातून? जरा कमी करा की."

तिनेच केलेला केक चापत डेल म्हणाला, "बाई, अख्ख्या कॅन्सस सिटीत विचारा. सगळेच तेवढे घेतात."

पुढे व्हर्नासारख्या घर विकणाऱ्यांनी मिळून बड्या दलाल कंपन्यांवर खटला भरला. व्हर्नाने साक्ष दिली. "सगळ्यांचा दर सारखा, म्हणजे ही ठरवून केलेली लूट आहे," तिचा वकील कोर्टात गरजला. ज्यूरीलाही पटलं.

भरपाई मिळाली, तेव्हा व्हर्नाने वकिलाला विचारलं, "यातला तिसरा हिस्सा तुमचा? जरा कमी करा की."


"बाई," वकील हसला, "कुठेही विचारा. सगळेच तेवढे घेतात."