टपालबोटीची डावी बाजू

काचवाल्याने बोट दोन्ही हातांनी उचलली, पेटीकडे वळला आणि तिथेच थबकला. बोटीची डावी बाजू तो आज पहिल्यांदाच बघत होता.

उजवी बाजू त्याला पाठ होती. टेबलावर तीच खोलीकडे तोंड करून असायची आणि कार्टून सिनेमातही तीच दिसायची: लाल रंगाची ढेरपोटी टपालबोट, वाकडं धुराडं, सुकाणूपाशी चष्मा लावलेला बगळा. त्याच्या बायकोने, जिला शेजारीपाजारी कवळीताई म्हणत, सिनेमा थांबवून थांबवून एकेक खिडकी मोजत ही हातभर बोट केली होती. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि उरलेल्या वेळात त्याच कोरण्यांनी सिनेमातल्या बोटी करायच्या, हा तिचा नाद जुना होता. “कुणा आजोबांची दाढ बगळ्याच्या पायात जायची हं,” असं तो चिडवायचा. बोटींसाठी काचेच्या पेट्या मात्र न कुरकुरता करून द्यायचा. बोट नीट निरखून बघावी, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आज वाचनालयाच्या बाई बोट न्यायला येणार होत्या. कवळीताईची बोट पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती आणि कायमची तिथेच राहणार होती. मुलांच्या खोलीत, भिंतीला लागून, अशी जागाही ठरली होती. म्हणून त्याने पेटीला तीन बाजूंनी काच आणि मागे प्लायवुडची फळी घातली होती. काल संध्याकाळी तो फळीला स्क्रू मारत असताना ती मागे येऊन उभी राहिली होती.

“मागे फळीच घालणार का?”

“मग काय, भिंत बघणार आहे का आतलं?” तो म्हणाला होता. “आणि सिनेमात तरी कुठे दिसते ती बाजू?”

खरंच दिसत नव्हती. सिनेमाभर ती बोट डावीकडून उजवीकडेच जाते. तिची दुसरी बाजू कुणी कधी काढलीच नव्हती. कवळीताई “बरं” म्हणाली आणि भांडी घासायला गेली. ते “बरं” ऐकून त्याने तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

त्याने बोट खिडकीपाशी उजेडात नेली आणि चष्मा चढवला.

डाव्या बाजूला बोटीवरच्यांचा सगळा संसार होता. दोरीवर मोजे वाळत घातले होते, त्यांतला एक रफू केलेला. धक्क्याला घासून एके ठिकाणी रंग उडाला होता आणि त्यावर जराशा वेगळ्या लाल रंगाचा हात मारला होता, जुना डबा संपल्यावर माणूस मारतो तसा. एक खिडकी उघडी होती. आत टेबल, दोन खुर्च्या, एकीच्या पायाला सुतळी गुंडाळलेली. टेबलावर कान तुटलेला हिरवा कप.

काचवाल्याने मान वळवून स्वयंपाकघरात पाहिलं. सुतळी गुंडाळलेली खुर्ची जागेवरच होती. टेबलावर हिरव्या कपात त्याचा अर्धा चहा निवत होता. सिनेमावाल्यांनी जे काढलं नव्हतं, ते तिने घरातून नेलं होतं.

त्याला स्वतःची लाज वाटली, पण त्याहून कितीतरी जास्त कौतुक वाटलं. उजवी बाजू हुबेहूब करायला हात लागतो आणि तिच्या हाताला तोड नाही, हे तो चारचौघांत सांगतच असे. पण ही बाजू बघून करता येण्यासारखी नव्हती. हिच्यासाठी सिनेमात बघायला काही नव्हतंच. आणि आपण ती स्क्रू मारून बंद करून टाकली होती.

त्याने बोट दुमडलेल्या टॉवेलवर ठेवली आणि फळीचे स्क्रू काढायला घेतले. दारामागे एका गिऱ्हाइकाच्या खिडकीची काच कापून ठेवलेली होती. त्याने तीच आडवी घातली आणि माप घेऊन काच कापायची हिरकणी फिरवली. काच करकरली, तशी कवळीताई हाताला कवळीच्या साच्याचं प्लास्टर लागलेलं असतानाच बाहेर आली.

“हे काय काढलंत आता? बाई येतीलच.”

“येऊ देत.”

“आणि ही काच कुणाच्या खिडकीची?”

“सांगू त्याला, दोन दिवस वारा खा म्हणून.”

तिने जमिनीवर पडलेली फळी पाहिली. मग टॉवेलवरची बोट पाहिली. तिची डावी बाजू वर होती. ती हात धुऊन आली, फडकं घेतलं आणि त्याने बसवलेल्या नव्या काचेवरचे ठसे पुसायला लागली. एकच कोपरा ती बराच वेळ पुसत राहिली.

वाचनालयाच्या बाई आल्या तेव्हा बोट पेटीत बसली होती. “फार सुरेख,” त्या म्हणाल्या. “भिंतीपाशी शोभून दिसेल.”

“भिंतीपाशी नको,” काचवाला म्हणाला. “खोलीच्या मधोमध ठेवा. तेवढं टेबल नसेल तर मी आणून देतो.”

बाई पेटीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि वाकल्या. मोज्यांपाशी हसल्या. उघड्या खिडकीपाशी मात्र त्या थांबल्या आणि कपाळ काचेला टेकेपर्यंत पुढे झुकल्या. मग सरळ होऊन त्यांनी पिशवीतून पितळी पाटी काढली. तिच्यावर कवळीताईचं नाव कोरलेलं होतं. पाटी हातात धरून त्या पेटीभोवती पुन्हा एकदा फिरल्या.

“ही पुढच्या बाजूला लावायची आहे. पण कळतच नाही हो. हिची पाठ कुठली?”

काचवाला फळी उचलून कोपऱ्यात ठेवत होता.

“हिला पाठ नाही,” तो म्हणाला.