शेवाळलेल्या टाक्या

मंगळावरची रोहिणवस्ती वसाहतींच्या संघातून फुटत होती. भावकीच्या जुन्या रिवाजाने वस्तीच्या वत्सलाताईंनी सामायिक मालमत्तेचे दोन वाटे पाडले आणि आधी उचलायचा मान संघाच्या केरोबांना दिला. एका वाट्यात खाणी होत्या, दुसऱ्यात वीजघर आणि शेवाळलेल्या टाक्या. केरोबांनी दुसरा उचलला.

“खाणी सोडल्यात? टाक्यांत लोणचं घालणार काय?” ताई गालात हसल्या.

“त्या शेवाळातूनच तुमची हवा येते, ताई. उद्यापासून लागेल तेवढी विकत घ्या.”

ताईंचं हसू विरलं. त्यांनी सुईसुद्धा वाट्यात धरली होती. हवा तेवढी फुकटची, म्हणून राहिली.

काचेपलीकडे त्यांची नात शिवाशिवी खेळत होती.

“पळू नकोस गं,” ताई पुटपुटल्या, “धाप लागेल.”