बसून राहिलेलं गाव

“ती आत आली की कोणीही उठायचं नाही,” सामुदायिक शेतीचा अध्यक्ष एलिझबार जेवणाच्या लांब टेबलावर वाकून कुजबुजला. “जो उठेल, तोच तिला सैबेरियात धाडेल.”

राजधानी तिबिलिसीहून चौकशीला आलेले साहेब बाहेर हात धूत होते. कखेतीच्या या गावात शेवटच्या राजाची खापरपणती लपली आहे, अशी चुगली कुणीतरी केली होती.

लपलेली वगैरे ती नव्हती. तंदुरात डोकं घालून रोट्या लावत होती. दरेजान साठी ओलांडलेली, भुवया आचेने जळालेल्या. राजघराण्याकडून तिला लांब नाक तेवढं मिळालं होतं, आणि तंदुराशी तेही अडचणीचंच. गावाला मात्र ती दिसली की छातीवर हात ठेवून उभं राहायची खोड. “बसा रे मेल्यांनो! उभ्याने घास उतरतो का?” ती करवादायची. ऐकतो कोण?

आज रोट्यांची पाटी घेऊन ती आत आली, तर सगळे बसलेले. कोणी अक्रोड भरलेल्या वांग्यात डोळे रुतवले होते, कोणी वाइनच्या पेल्यात. तिला बरंच वाटलं.

खुर्ची करकरली. साहेब एकटेच उभे राहिले होते.

“अध्यक्ष महाशय,” ते सावकाश म्हणाले, “वयस्क बाई आत आली की आपल्याकडे चोरसुद्धा उठतो. मी बसून राहिलो असतो तर आईने पळीने झोडपलं असतं. आणि इथे अख्खं गाव बाकाला खिळलेलं? या एकाच बाईसाठी?”

दरेजानने पाटी ठेवली, हात पुसले.

“तंदूर विझवून येते,” ती म्हणाली. “मग निघू.”

“विझवता कशाला, आजी? रोटी झकास झालीय.” साहेबांनी तुकडा मोडला आणि खाली बसता बसता एलिझबारला म्हणाले, “पुढच्या खेपेला दुसरे साहेब येतील. त्यांनाही आई असेलच.”

द्राक्षं उतरली तेव्हा दुसरे साहेब आले. दरेजान पाटी घेऊन आत शिरली. सगळे उठले, हात मात्र खालीच. साहेबही उठले, तोंडात घास तसाच. मग बसले, घास गिळला आणि करड्या आवाजात म्हणाले, “हं, आता मुकाट्याने सांगा. राजाची खापरपणती कुठे दडवलीत?”